दोष कार्बोरेटरचाच, असे ठरवण्यापूर्वी

१ एप्रिल २०२० रोजी देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तरीही महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी रस्त्यावर उभे राहा. बजाज चेतक, आरएक्स १००, सीडी १००, जुनी स्प्लेंडर, एम ८० यांपैकी एखादी तरी समोरून जाईलच. कुणाची ती वडिलांची आठवण असते, कुणाचे रोज दूध घालण्याचे साधन असते. या गाड्या साध्या आहेत. नीट सांभाळल्या, तर आणखी कित्येक वर्षे चालतील.

अडचण वेगळीच आहे. या गाड्या हाताळलेले जुने मेकॅनिक कमी होत चालले आहेत आणि ऐकीव सल्ले मात्र भरपूर आहेत. त्या सल्ल्यांपायी चांगले भाग बदलले जातात, मूळ दोष तसाच राहतो आणि शेवटी ‘या गाडीत आता दम नाही’ म्हणून ती भंगारात जाते. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही गैरसमज एकेक करून तपासू.

आधी मुळाची गोष्ट. पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल, पुरेशी हवा, वेळेवर पडणारी दमदार ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते. म्हणजेच एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण कार्बोरेटर कोणत्याही विजेशिवाय राखतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांच्या जेटमधून वर खेचले जाते. वाटीतली पातळी फ्लोट आणि त्याची सुई सांभाळतात. पेट्रोल जास्त झाले की मेकॅनिक मिश्रण ‘रिच’ झाले म्हणतात, हवा जास्त झाली की ‘लीन’. पुढचे सगळे निदान या दोन शब्दांभोवती फिरते.

गैरसमज १ : गाडी मिसिंग करते म्हणजे कार्बोरेटरच खराब आहे.

वस्तुस्थिती : मिसिंग हे केवळ लक्षण आहे. झिजलेला प्लग, सैल झालेली प्लग कॅप, जळालेले पॉइंट, कमजोर कंडेन्सर, अर्धवट बंद पेट्रोल कॉक, तडकलेला मॅनिफोल्ड रबर यांपैकी कशानेही गाडी तशीच आचके देते. कार्बोरेटर हा यादीतला एक संशयित आहे. तो हाताशी असतो आणि सहज उघडता येतो, म्हणून सगळ्यात आधी त्याच्यावरच हात पडतो.

त्याच्यावर संशय घ्यायचाच असेल, तर एक्सिलरेटर किती पिळल्यावर त्रास होतो हे आधी पाहा. मूठ जेमतेम उघडी असताना, म्हणजे स्लो स्पीडला आणि पहिल्या पाव भागात, इंजिन मुख्यतः पायलट जेटवर चालते. पाव ते पाऊण भागात मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला लटकणारी सुई पेट्रोल मोजते. त्यापुढे मेन जेटचे राज्य असते. गाडी सिग्नलला बंद पडते, पण वेगात छान पळते, तर मेन जेट बदलून काही उपयोग नाही. तिथे पायलट जेट पाहायला हवा. उलट सावकाश छान चालणारी गाडी चढावर पूर्ण मूठ पिळल्यावर गुदमरत असेल, तर मेन जेट, वाटीत पेट्रोल येण्याचा वेग आणि टू-स्ट्रोक असेल तर कार्बनने भरलेला सायलेन्सर तपासावा. मेकॅनिकला ‘गाडी नीट चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘अर्ध्या मुठीवर आचके देते’ असे सांगितले, तर त्याचे अर्धे काम वाचते.

गैरसमज २ : प्लग काढून किक मारली आणि ठिणगी दिसली, म्हणजे इग्निशन ठीक आहे.

वस्तुस्थिती : बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी उडणे सोपे असते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. दाब आणि ठिणगीचा हा संबंध फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच दाखवून दिला होता. म्हणून अशक्त कॉइल बाहेर पिवळसर, बारीक ठिणगी दाखवते आणि आत मात्र दगा देते. ठिणगी निळसर, जाड आणि तडतड आवाज करणारी हवी. फटही मोजावी. अनेक दुचाकींना ०.६ ते ०.७ मिलिमीटर चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत कंडेन्सर बिघडला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, ते काळे पडून खड्डे पडतात आणि प्लगला जोर उरत नाही. अशा वेळी नुसते पॉइंट घासून दिले, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. पॉइंटची फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते, हेही ध्यानात ठेवावे.

ही तपासणी करताना प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला नीट टेकवावी, प्लगच्या भोकापासून दूर धरावी आणि आसपास सांडलेले पेट्रोल आधी पुसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत हे काम कधीही करू नये.

गैरसमज ३ : स्कूटर आडवी केल्याशिवाय सुरू होत नाही, हा तिचा स्वभावच आहे.

वस्तुस्थिती : किक मारण्यापूर्वी चेतक एका बाजूला झुकवणारी माणसे सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यात जादू नाही. गाडी कलली की वाटीतली पातळी बिघडते, फ्लोटची सुई उघडते, जास्तीचे पेट्रोल पुढे जाते आणि मिश्रण रिच होते. थंड इंजिनाला तेच हवे असते. थोडक्यात, चोकचे काम आपण सगळी स्कूटर उचलून करतो.

रोज हे करावे लागत असेल, तर चोकची केबल ताणली जाते का, चोकचा रबर झिजला आहे का, पायलट जेट चोंदला आहे का आणि ठिणगीत जोर आहे का, हे पाहा. चारही ठीक असलेली चेतक चोक ओढून सरळ उभ्या स्थितीत सुरू होते.

गरम इंजिनावर असे झुकवले, तर उलटेच होते. आत पेट्रोल साचते, प्लग भिजतो आणि गाडी आणखी हट्टाला पेटते. तेव्हा पेट्रोल कॉक आणि चोक बंद करा, मूठ पूर्ण उघडा आणि काही किका मारा. तरीही सुरू झाली नाही तर प्लग काढून कोरडा करा.

गैरसमज ४ : चोक ओढून ठेवला की चालते ना, मग तशीच चालवावी.

वस्तुस्थिती : गरम झाल्यावरही चोक लागतो, याचा अर्थ इंजिन लीन चालले आहे. एक तर पेट्रोल कमी पोहोचते, नाही तर कुठून तरी चोरवाटेने हवा शिरते. पायलट जेट चोंदणे हे पहिले कारण. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबर तडकणे किंवा तिथले बोल्ट सैल होणे, हे दुसरे. टू-स्ट्रोकमध्ये तिसरेही एक कारण आहे: मॅग्नेटच्या बाजूचे क्रँक ऑइल सील कडक झाले की तिथून हवा आत ओढली जाते. मूठ सोडल्यावरही रेस खाली न येणे ही त्याची खूण आहे.

लीन इंजिन जास्त तापते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. चोक ओढल्याने लक्षण झाकले जाते, त्यात प्लग काळा होतो आणि मायलेज कोसळते. रबराचा तुकडा किंवा सील बदलणे पिस्टन बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

गैरसमज ५ : स्क्रू थोडा फिरवला की ट्यूनिंग होते.

वस्तुस्थिती : कार्बोरेटरवर साधारण दोन स्क्रू असतात. एक स्लाइड वर-खाली करून स्लो स्पीड ठरवतो, दुसरा हवेचे किंवा मिश्रणाचे प्रमाण. घोटाळा दुसऱ्याचा होतो, कारण तो सगळ्या गाड्यांत सारखा वागत नाही. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा अडवतो. आत फिरवला की मिश्रण रिच होते. तोच इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो मिश्रण अडवतो. आत फिरवला की लीन होते. म्हणजे मित्राच्या गाडीवर लागू पडलेला सल्ला आपल्या गाडीवर नेमका उलटा ठरू शकतो.

योग्य पद्धत अशी. इंजिन पूर्ण गरम करा. मग ते बंद करून स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत न्या. जोर लावू नका, टोक मोडले की बैठक कायमची बिघडते. तिथून साधारण दीड फेरी बाहेर काढा आणि इंजिन सुरू करा. मग स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर करत जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते ती जागा शोधा. शेवटी स्लो स्पीडचा स्क्रू फिरवून रेस खाली आणा. स्क्रू फिरवून इंजिनात काहीच फरक पडला नाही, तर पायलट जेटची वाट बंद आहे असे समजा.

या स्क्रूचा अंमल फक्त सुरुवातीच्या मुठीपुरता असतो. वेगातला दोष त्याने कधीच जात नाही.

गैरसमज ६ : जेट चोंदला तर तार घालून साफ करावा.

वस्तुस्थिती : पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि जेट पितळेचा, म्हणजे मऊ असतो. पोलादी तार किंवा टाचणी फिरवली की ते छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का ते पाहा. तरीही वाट मोकळी झाली नाही, तर त्याच नंबरचा नवा जेट घाला. क्लीनर लावण्यापूर्वी ओ-रिंग आणि रबराचे भाग बाजूला काढा, ते फुगतात. फ्लोट आत असताना जोराची हवा मारू नका.

मुळात जेट कशाने चोंदतो, ते समजले की हा त्रासच कमी होतो. उभ्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका.

गैरसमज ७ : काही अंतर चालून बंद पडते, थांबल्यावर पुन्हा सुरू होते, म्हणजे इंजिनाचे काम निघाले.

वस्तुस्थिती : इंजिन उघडण्याआधी पेट्रोल टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असते. ते मळाने बुजले की पेट्रोल खाली जाताना टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह थांबतो. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले. उपाय फुकटचा आहे.

झाकण निर्दोष असेल, तर गाडी बंद पडल्याक्षणी ठिणगी पाहा. गरम झाल्यावर ठिणगी गायब आणि थंड झाल्यावर परत, असे असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा सीडीआय युनिट दोषी. दहा मिनिटांनी पाहिलेली ठिणगी काहीच सांगत नाही.

जुन्या मोटारींत आणखी एक कारण असते. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर उन्हाळ्यात घाट चढून थांबली की तिच्या पेट्रोल पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप ती वाफ पुढे ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती म्हणूनच बरोबर आहे. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई करू नका. तिथे उकळते पाणी अंगावर येते.

गैरसमज ८ : टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणजे वॉल्व्ह छान आहेत.

वस्तुस्थिती : फोर-स्ट्रोक इंजिनात अगदी शांत टॅपेट ही काळजीची गोष्ट असू शकते. टॅपेटची फट गरजेपेक्षा कमी झाली की इंजिन तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि वॉल्व्हची कड जळते. सकाळी छान चालणारी गाडी गरम झाल्यावर स्लो स्पीड धरत नसेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी फिलर गेजने टॅपेट मोजून घ्या, तेही इंजिन पूर्ण थंड असताना.

किक हलकी लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. दाब कमी दिसला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग किंवा बोर झिजला आहे. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पैसे कुठे खर्च करायचे, ते या एका तपासणीतून कळते.

गैरसमज ९ : टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त आणि एअर फिल्टर काढलेला, तर इंजिन टिकते आणि पळते.

वस्तुस्थिती : दोन्ही सल्ले घातक आहेत. बजाजच्या स्कूटरसारख्या गाड्यांत २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल हे रुळलेले प्रमाण आहे. ऑइल वाढवले की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढे कमी जाते, मिश्रण उलट लीन होते. वर प्लग तेलकट होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो.

फिल्टरचा अडथळा धरूनच जेटचे आकडे कारखान्यात ठरवलेले असतात. फिल्टर काढला की हवा वाढते, पेट्रोल त्या मानाने वाढत नाही. शिवाय रस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन बोर घासते. वाढलेला आवाज म्हणजे वाढलेली ताकद नव्हे.

गैरसमज १० : सगळा दोष इथेनॉलचा. किंवा, इथेनॉलने काहीच होत नाही.

वस्तुस्थिती : ही दोन्ही टोके चुकीची आहेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक भाग इथेनॉल जळायला साधारण नऊ भाग हवा पुरते, म्हणून या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा लागते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने हे जुळवून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे जुनी गाडी सात-आठ टक्क्यांनी लीन होते. आधीच लीन असलेल्या इंजिनात हा फरक जाणवतो, रिच असलेल्यात कदाचित जाणवणारही नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते.

इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. कॉकमधून आधी तेच खाली येते. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते किंवा भुसभुशीत होते आणि टाकीतला जुना थर सुटून जेटपर्यंत पोहोचतो.

उपाय मोजके आहेत. पेट्रोलची नळी, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. टाकी एकदा धुऊन घ्या. प्लग पांढरट दिसत असेल, तर जिथे सोय आहे तिथे सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येऊन पेट्रोल थोडे वाढेल. प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसू लागले की प्रमाण जुळले. काळे आणि कोरडे म्हणजे रिच, पांढरे म्हणजे लीन.

तपासणीचा क्रम

आधी पेट्रोल: टाकीत आहे का, झाकणाला श्वास आहे का, नळीतून धार येते का. मग ठिणगी. मग हवा: फिल्टर, मॅनिफोल्डचा रबर, बोल्ट. मग कॉम्प्रेशन आणि टॅपेट. हे सगळे निर्दोष निघाले, तरच कार्बोरेटर खोला. दर वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालवून पाहा आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवा. एका वेळी प्लग, जेट आणि स्क्रू तिन्ही बदलले, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही आणि बिघडली तर मागे फिरायला वाट राहत नाही.

आपल्या गावात या गाड्यांचा जाणकार मेकॅनिक अजून असेल, तर त्याच्याकडे जात राहा, त्याच्या वेळेचे योग्य पैसे द्या आणि तो काम करतो तेव्हा शेजारी उभे राहून प्रश्न विचारा. ही विद्या पुस्तकांपेक्षा हातांमध्ये जास्त आहे आणि ते हात आता थकत चालले आहेत. ती शिकून घेतलीत, तर तुमची गाडी रस्त्यावर राहील आणि पुढच्या माणसाला सांगायला तुमच्याकडे ऐकीव सल्ल्याऐवजी खरे ज्ञान असेल.